निगेटिव्हच्या खोलीतील दिवस



दादासाहेब फाळके यांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत आजवर दिग्दर्शक बोलले, नटनट्या बोलल्या, विद्वान समीक्षक बोलले. आणि यंदा चालकांनी अशा एका स्त्रीला पाचारण केले आहे की जिने उभ्या आयुष्यात कॅमेऱ्याच्या भिंगाला डोळा लावला नाही, संवादाची एक ओळ लिहिली नाही, आणि जिचे नाव कोणत्याही पडद्यावर कधी उमटले नाही. हे आमंत्रण मी स्वीकारले, कारण ज्या पुरुषाच्या नावाने ही सभा भरली आहे त्याच्याच घरात अशा अनाम कामाचा या देशातील पहिला धडा गिरवला गेला, आणि त्याच कामाचा पुढला एक धडा सहस्रावधी मैलांवर, लंडनच्या पश्चिमेस, मला गिरवावयास मिळाला. १९४४ च्या फेब्रुवारीत दादासाहेबांनी या नाशिक शहरात देह ठेवला. त्याच वर्षी, त्याच शहरात माझा जन्म झाला. माझ्या आजीच्या तोंडी त्यांचा उल्लेख 'कारखानेवाले फाळके' असाच असे. चित्रपट हा कारखान्यात तयार होतो, तेथे माणसे हजेरी लावून राबतात, हे आजीला ठाऊक होते. पुढे मोठमोठ्या ग्रंथांतून चित्रपटकलेविषयी जे वाचले त्यात हे साधे ज्ञान मला क्वचितच आढळले.

दादासाहेब १९१२ च्या फेब्रुवारीत बोटीने लंडनला गेले, ही कथा आपणां सर्वांस परिचित आहे. 'बायोस्कोप' या साप्ताहिकाच्या संपादकांनी या अनोळखी भारतीय गृहस्थास प्रथम या धंद्यातील अपयशांचे पाढे वाचून दाखवले, आणि त्याचा निश्चय ढळत नाही असे पाहून त्याला थेम्सकाठच्या वॉल्टन गावी सेसिल हेपवर्थ यांच्याकडे पाठवले. हेपवर्थ यांनी आपल्या कारखान्यातील सर्व विभाग त्यांना मोकळेपणाने दाखवले. येथे आपल्या चरित्रकारांची लेखणी लगबगीने पुढे धावते. विल्यमसन कॅमेरा, परतीचा प्रवास, 'राजा हरिश्चंद्र' आणि ३ मे १९१३ चा कॉरोनेशन थिएटरातील खेळ! मला मात्र वॉल्टनच्या त्या भेटीपाशी अंमळ थांबावेसे वाटते, कारण तो कारखाना मुळात एका कुटुंबाच्या हातांनी उभा राहिलेला होता. हेपवर्थ यांचा १९०५ सालचा 'रेस्क्यूड बाय रोव्हर' हा चित्रपट साडेसात पौंडांहून थोड्या अधिक खर्चात तयार झाला. त्याची कथा त्यांच्या पत्नीने रचली, आईची भूमिकाही तिनेच केली, पळवून नेलेले मूल त्यांचे स्वतःचे होते आणि त्या मुलाला शोधून काढणारा कुत्रा घरचाच होता. त्याच्या प्रतींना एवढी मागणी आली की छापता छापता निगेटिव्ह झिजून गेले आणि सबंध चित्रपट पुनःपुन्हा, मिळून तीन वेळा, चित्रित करावा लागला. निगेटिव्ह झिजते, दुखावते, मरते, आणि ते मेले की चित्रपट मेला, हे या धंद्यातील आद्य सत्य त्या घराने इतक्या लवकर अनुभवले होते.

आणि इकडे दादर येथे, मथुरादास मकनजी यांच्या बंगल्यातील दादासाहेबांच्या कारखान्यात काय चालले होते? कच्ची फीत विलायतेहून येई ती कडेला छिद्रे न पाडलेली. ती छिद्रे यंत्राने, अंधारात, हाताच्या अंदाजाने पाडावी लागत, आणि ते काम दिवसभर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक उरकून झाल्यावर, रात्री, दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. फीत धुण्याची रसायने मिसळणे त्यांच्याकडे होते; चित्रणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणेही त्यांच्याकडेच होते. प्रोजेक्टरातील दात त्या छिद्रांत बसतात म्हणून चित्र पडद्यावर स्थिर राहते. छिद्र केसभर हलले तर हरिश्चंद्र थरथरू लागेल. पहिल्या भारतीय चित्रपटातील राजा, राणी आणि विश्वामित्र हे एका गृहिणीने काळोखात पाडलेल्या छिद्रांच्या आधारावर उभे होते, असे मी म्हणते तेव्हा तो अलंकार नसतो. यंत्राची रचनाच तशी आहे.

आता माझ्याकडे वळते. १९६७ साली, विवाहानंतर चार महिन्यांनी, मी लंडनला गेले. यजमान अभियंता होते. माझ्याजवळ पुणे विद्यापीठाची रसायनशास्त्रातील पदवी होती आणि तिचे करावे काय हे मला कोणी सांगत नव्हते. शेजारच्या एका बाईंच्या शिफारशीने पश्चिम लंडनमधील एका फिल्म लॅबोरेटरीत माझी मुलाखत झाली. पदवीची चौकशी कोणी केली नाही. मुलाखत घेणाऱ्या प्रौढ बाईंनी माझ्या हातांकडे पाहिले, ते उलटेसुलटे करून पाहिले, आणि शिवणकाम येते का एवढे विचारले. गोधड्या शिवते, असे मी सांगितले. गोधडी म्हणजे काय हे त्यांना समजावताना वरून टाका दिसू न देण्याची माझ्या आईची शिस्त मी खुणांनी दाखवली, आणि सोमवारपासून मी कामावर रुजू झाले. युनियनचे सभासदत्व त्याच आठवड्यात घ्यावे लागले. कार्ड असल्याखेरीज काम नाही आणि काम असल्याखेरीज कार्ड नाही, असा त्या काळी त्या धंद्यातील दंडक होता, आणि कित्येक होतकरू मुले या दोन वाक्यांच्या मधोमध वर्षानुवर्षे अडकून पडलेली मी पाहिली आहेत. लॅबोरेटरीचे दार त्यांतल्या त्यांत रुंद होते, एवढाच माझा भाग्ययोग.

ज्या विभागात मी पुढे सदतीस वर्षे काढली त्याचे काम ऐकणाऱ्याला समजावून देणे अगत्याचे आहे, कारण ते ज्याला माहीत नाही त्याला माझी स्मरणे निरर्थक वाटतील. स्टुडिओत दिवसभर जे चित्रण होई त्याचे डबे सायंकाळी गाडीने आमच्याकडे येत. रात्रपाळीचे लोक ते निगेटिव्ह धूत, त्यावरून एक प्रत छापत, आणि भल्या पहाटे आमच्याकडील जबाबदार माणूस छायालेखकाला टेलिफोन करून रात्रीचे काम सुखरूप आहे किंवा नाही हे कळवी. ही छापलेली प्रत, म्हणजे रशेस, संकलकाकडे जाई. संकलक ती प्रत कापी, जोडी, पुन्हा उसवी, महिनोन्‌महिने तिच्याशी झगडे. तिच्यावर मेणाच्या पेन्सिलीच्या खुणा होत, ओरखडे पडत, चहाचे थेंबही पडत. मूळ निगेटिव्हला मात्र या सर्व काळात कोणी स्पर्श करीत नसे. ते आमच्या खोलीत, डब्यांत, नोंदवहीत आपला अनुक्रम सांभाळून पडून असे. संकलकाचे समाधान झाले म्हणजे ती मळलेली, शेकडो सांध्यांची प्रत आमच्यापुढे येई, आणि तिच्याबरहुकूम, चौकटीस चौकट जुळवून, ते एकमेव, अस्पर्शित निगेटिव्ह कापावयाचे, हे आमचे काम. संकलकाला आपला निर्णय शंभर वेळा फिरवता येई. आमची कात्री एकदाच चाले.

हे जुळवण्याचे साधन म्हणजे फितीच्या कडेला कारखान्यातच उमटवलेले अंक. पस्तीस मिलिमीटरच्या फितीवर एका फुटात सोळा चौकटी असतात, आणि दर फुटाला एक क्रमांक असतो. निगेटिव्हवरून प्रत छापताना तो क्रमांकही प्रतीवर उतरतो. सेकंदाला चोवीस चौकटी या हिशेबाने मिनिटाला नव्वद फूट आणि दोन तासांच्या चित्रपटाला दहा हजार आठशे फूट लागतात. म्हणजे पावणेदोन लाखांच्या आसपास चौकटी, आणि त्यांत हजार-बाराशे सांधे! प्रत्येक सांध्यापाशी अंक पाहावयाचा, अंकापासून पुढे चौकटी मोजावयाच्या, चित्राशी चित्र ताडून पाहावयाचे, आणि मग कापावयाचे. पस्तीसच्या निगेटिव्हचा सांधा सिमेंटने, एका टोकावरचा रासायनिक लेप खरवडून त्यावर दुसरे टोक चढवून करीत. त्या चढाईसाठी लगतची चौकट बळी द्यावी लागे. म्हणून एका चित्राच्या मध्यावर चुकून कात्री लागली तर ती जखम पुन्हा बेमालूम भरून काढण्याचा मार्गच उरत नसे.

खोलीतील शिस्त एखाद्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरासारखी होती, आणि मला ती मुळीच परकी वाटली नाही. पांढरे सुती हातमोजे, पांढरा झगा, केसांवर टोपी, गाळलेली हवा, टेबलाखालून उजेड देणारी दुधी काच. नायलॉन निषिद्ध, कारण त्याच्या घर्षणाने वीज उत्पन्न होते, फीत धूळ ओढून घेते, आणि डोळ्याला न दिसणारा तो कण पडद्यावर खड्याएवढा होतो. त्या वर्षांत नायलॉनच्या साडीची आपल्याकडे केवढी अपूर्वाई होती हे माझ्या वयाच्या भगिनींना आठवत असेल. लग्नात आलेल्या माझ्या चार नायलॉनच्या साड्या पेटीतच राहिल्या, आणि मी सुती झगे शिवून घेतले.

आमच्या विभागप्रमुख बाई चाळीसच्या दशकात, टेक्निकलरच्या तीन पट्ट्यांच्या जमान्यात, या कामात आल्या होत्या. त्या अवजड कॅमेऱ्यात एकाच वेळी तीन निगेटिव्ह धावत, प्रत्येकावर एकेका रंगाची नोंद होई. म्हणून एक सांधा म्हणजे तीन सांधे, तिन्ही नेमके एकाच चौकटीवर. एक जरी चौकटीने चुकला तरी पडद्यावर माणसाच्या भोवती त्याच्याच रंगाचे भूत उभे राहावे! या बाईंनी मला शिकवले ते असे : अंक दोनदा वाच, चित्र एकदा पाहा, आणि कात्री उचलल्यावर एक पूर्ण श्वास घेतल्याखेरीज ती मिटू नकोस. पुढे माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलींना मी हेच सांगितले. बाईंच्याबरोबर एका रविवारी मी 'ब्लॅक नार्सिसस' पाहिला. पॉवेल आणि प्रेसबर्गर यांचा हा १९४७ सालचा चित्रपट हिमालयातील एका मठात घडतो. कड्यावरची घंटा, खालची खोल दरी, पलीकडील हिमशिखरे पाहून मला क्षणभर घरची ओढ लागली, आणि चित्रपट संपल्यावर बाईंनी मला सांगितले की यांतील एकही फूट हिंदुस्थानात घेतलेला नाही. मठ पाइनवुड स्टुडिओत उभारलेला, वनश्री ससेक्समधील एका बागेतली, दरी पर्सी डे यांनी काचेवर आणि फलकावर रंगवलेली. आणि शिखरे म्हणजे कृष्णधवल छायाचित्रे प्रचंड आकारात वाढवून त्यांवर रंगीत खडूंनी भरलेले रंग. छायालेखक जॅक कार्डिफ आणि कलादिग्दर्शक आल्फ्रेड युंगे या दोघांस त्याबद्दल ऑस्कर मिळाले, ते योग्यच झाले. परंतु ते खडू हातांत धरून शिड्यांवर उभे राहिलेले रंगारी, प्लास्टर घालणारे, सुतार, आणि वर मचाणावर प्रखर कार्बन-दिव्यांच्या कांड्या बदलीत बसलेले वीजकामगार हे सर्व आपापल्या घरी गेले, आणि इंग्लंडच्या एका बंदिस्त कोठीत हिमालय निर्माण केल्याची त्यांची साक्ष कोणी नोंदवली नाही. ही त्यांच्या कौशल्याची परिणती होती, असेही म्हणावे लागते. रंगवलेली दरी रंगवलेली आहे असे प्रेक्षकाला कळले असते तर ते काम वाया गेले असते.

माझ्या हातून घडलेली एक चूक सांगते. ती सांगितल्यावाचून मला या विषयावर बोलण्याचा अधिकार नाही. कामावर लागून सात वर्षे झाली होती, हात बसला होता, आणि हात बसल्यावरच माणूस चुकतो. एका बंद दाराचे दीर्घ, स्तब्ध चित्र होते. दार उघडण्यापूर्वी सुमारे दहा सेकंद त्यात काहीही हलत नव्हते. कडेचा अंक किंचित पुसट होता. सहाच्या जागी मी आठ वाचला, दुसऱ्यांदाही आठच वाचला, आणि चित्राशी चित्र ताडले तर दोन्ही ठिकाणी तेच निश्चल दार. मी श्वास घेतला आणि कात्री मिटली. दोन फुटांनी, म्हणजे बत्तीस चौकटींनी, म्हणजे सव्वा सेकंदाहून थोड्या अधिक अंतराने मी चुकले होते, आणि माझी कात्री संकलकाने राखलेल्या भागाच्या ऐन मध्यातून गेली होती. ते समजले त्या क्षणी माझ्या हातापायांतील त्राण गेले. बाईंना सांगितले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी माझे हातमोजे उतरवून घेतले, मला खुर्चीवर बसवले, आणि स्वतः संकलकाला टेलिफोन केला.

संकलक दुपारी आला. वयस्क, मितभाषी गृहस्थ. त्याने कापलेली टोके काचेवर ठेवून पाहिली, माझ्याकडे पाहिले, आणि आपल्या सहायकाला टाकून दिलेल्या तुकड्यांची टोपली घेऊन येण्यास सांगितले. तासाभराच्या शोधानंतर त्यांना एक तुकडा सापडला : नायिका चहाचा पेला बशीवर ठेवते, एवढाच, आधीच्या एका प्रसंगातून गाळलेला. तो पेला त्यांनी दाराच्या चित्राच्या मध्ये, माझ्या जखमेवर, घातला. दार, पेला, पुन्हा दार, आणि मग दार उघडते. चित्रपट प्रदर्शित झाला. त्याचे नाव मी येथे घेत नाही. तो दूरचित्रवाणीवर अनेकदा लागला, आणि प्रत्येक वेळी तो पेला बशीवर टेकताना मी पाहते. घरातील कोणास, प्रेक्षकांतील कोणास ठाऊक नाही की त्या नायिकेची ती अस्वस्थता, जी पाहून लोकांना काळजी वाटते, ती मूळ चित्रपटात नव्हती.

या प्रसंगानंतर संकलकांच्या कामाकडे मी निराळ्या आदराने पाहू लागले, आणि त्यांत स्त्रियांची संख्या लक्षणीय आहे हेही माझ्या ध्यानात आले. हिचकॉक यांच्या पत्नी आल्मा रेव्हिल या वयाच्या सोळाव्या वर्षी ट्विकनहॅम स्टुडिओच्या संकलनविभागात लागल्या; हिचकॉक मूकपटांच्या अक्षरपट्ट्या काढण्यासाठी या धंद्यात आले तेव्हा अनुभवाने त्या त्यांच्या वडील होत्या. १९७९ साली अमेरिकेत झालेल्या सत्कारात हिचकॉक यांनी चार व्यक्तींचे ऋण मानले : एक संकलक, एक पटकथाकार, त्यांच्या कन्येची माता आणि एक अत्युत्तम स्वयंपाकीण, आणि मग चौघींचे नाव आल्मा रेव्हिल असल्याचे सांगितले. तो वृत्तांत वाचताना मला दादरचा बंगला आठवला. सरस्वतीबाईंचे ऋण मानणारी तशी सभा त्यांच्या हयातीत भरावयास हवी होती, असे मला वाटते.

ॲन कोट्स यांचे उदाहरण तर आमच्या खोलीत मंत्रासारखे सांगितले जाई. धार्मिक लघुपटांच्या फाटक्या प्रती दुरुस्त करण्यापासून त्यांनी आरंभ केला. डेव्हिड लीन यांच्या 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'त लॉरेन्स जळत्या काडीवर फुंकर घालतो आणि त्याच क्षणी वाळवंटातील सूर्योदय दिसतो, हे ठिकाण आपणांपैकी अनेकांना स्मरत असेल. पटकथेत तेथे एक चित्र दुसऱ्यात विरघळत जावे अशी योजना होती. परंतु असा विलय लॅबोरेटरीत निराळा करावा लागतो, तोपर्यंत कामाच्या प्रतीत दोन्ही टोके सरळ जोडलेलीच असतात, आणि ती तशी पाहताना सर्वांच्याच ध्यानात आले की हा सरळ सांधाच खरा. लीन यांनी तो जवळजवळ साधला आहे असे सांगून पूर्ण निर्दोष करण्यास फर्मावले, आणि कोट्सबाईंनी त्यातून दोन चौकटी कमी केल्या. दोन चौकटी म्हणजे सेकंदाचा बारावा हिस्सा! त्यांना १९६२ च्या या चित्रपटाबद्दल ऑस्कर मिळाले. त्यानंतर कोणीतरी हातमोजे चढवून, मूळ निगेटिव्हवर, काडी आणि सूर्य यांच्यामध्ये कात्री मिटली असेल. त्या व्यक्तीचे नाव नामावलीत मला कधी दिसले नाही. तिने श्वास घेतला असेल याविषयी माझ्या मनात संदेह नाही.

'गांधी' चित्रपटाशी माझा कामाचा संबंध नव्हता, हे आधीच स्पष्ट करते. परंतु त्या काळात लंडनच्या लॅबोरेटऱ्यांत दुसरा विषय नव्हता, आणि परदेशात राहणाऱ्या मराठी बाईच्या मनात त्याविषयी काय असेल हे सांगण्याची आवश्यकता नाही. ३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीत महात्माजींच्या अंत्ययात्रेचे चित्रण झाले. तीन लक्षांहून अधिक माणसे जमली, अकरा पथकांनी एका दिवसात वीस हजार फूट फीत खर्ची घातली, आणि त्यांतून चित्रपटात आली ती अवघी सव्वाशे सेकंदे. ही आकडेवारी वाचून लोक त्या जनसमुदायाचे आश्चर्य करतात. माझ्या मनात हिशेब निराळा उभा राहतो : सव्वाशे सेकंदे म्हणजे एकशे नव्वद फुटांच्या आतच, आणि उरलेले एकोणीस हजार आठशे फूट. तेही कोणीतरी धुतले, तपासले, फुटाफुटाचे अंक वहीत चढवले, डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. कारण कोणते एकशे नव्वद फूट लागतील हे आधी कोणालाच माहीत नसते. आणि १९८३ च्या एप्रिलमध्ये कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना, जॉन मोलो यांच्यासमवेत, त्या चित्रपटाच्या वेशभूषेबद्दल ऑस्कर मिळाले, त्या दिवशी मी डब्यांतून पुरणपोळ्या नेऊन सबंध विभागाला वाढल्या. ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती ही सुईदोऱ्याच्या कामातली, आणि आमच्या भागातली! खादीचे मळणे, विटणे, वर्षावर्षांनी बदलत जाणे हे पाहणाऱ्याला कळले नाही तरच ती वेशभूषा साधली, हे विलायतेतील माझ्या सहकारिणींना मी त्या दिवशी अभिमानाने सांगितले, आणि त्यांना ते तत्काळ पटले.

आता गाऱ्हाणे. आमच्या युनियनने १९७५ साली चित्रपट आणि दूरचित्रवाणी उद्योगांतील स्त्रियांविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. स्त्रिया मोजक्या आणि अल्पवेतनी कामांत कोंडल्या गेल्या आहेत, हे त्यात पुराव्यानिशी मांडले होते. आमच्या खोलीत तो हातोहात फिरला. बोटे नाजूक म्हणून बायकांना हे काम, असे सर्रास म्हटले जाई. त्याच नाजूक बोटांवर लक्षावधी पौंडांच्या मालमत्तेची जबाबदारी आहे, हे पगाराच्या वेळी कोणाला आठवत नसे. मी त्या अहवालावरील सभेत उभी राहून बोलले, माझ्या तोडक्या इंग्रजीत बोलले, आणि ते बोलणे मला आजही योग्य वाटते.

परंतु त्याच युनियनच्या एका कार्याबद्दल माझी कृतज्ञता अपार आहे. १९८७ पासून तिच्या निवृत्त सभासदांनी, विनावेतन, आपल्याच जुन्या सोबत्यांच्या घरी ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन जाण्यास आरंभ केला. केवळ नामांकितांच्याच नव्हे, तर ध्वनिमुद्रकांच्या, रंगभूषाकारांच्या, कॅमेऱ्याच्या मदतनिसांच्या, लॅबोरेटरीतील लोकांच्या दारी ते गेले. प्रश्न विचारणारा त्याच धंद्यातला असल्यामुळे प्रश्न नेमके असत. अशा शेकडो मुलाखती जमल्या आणि ते काम अद्याप चालू आहे. हे का आवश्यक होते हे हेपवर्थ यांच्या उदाहरणावरून समजते. १९२४ साली त्यांच्यावर नादारीची पाळी आली, आणि जप्तीच्या अधिकाऱ्याने त्यांची निगेटिव्हे त्यांतील चांदी काढण्यासाठी वितळवली. दादासाहेबांनी ज्या कारखान्यात विद्या पाहिली त्याची बहुतेक निर्मिती अशी चांदीच्या भावाने गेली. हेपवर्थ त्यानंतर जवळजवळ तीन दशके जगले, आणि १९५१ साली त्यांनी आपल्या आठवणी ग्रंथरूपाने लिहिल्या. वितळलेल्या निगेटिव्हविषयी आज जे कळते त्यातील पुष्कळसे त्या ग्रंथामुळेच.

आपल्याकडे कोल्हापूर, पुणे, मुंबई येथील स्टुडिओंत अशी किती माणसे झाली! प्रभातच्या भव्य नेपथ्याचे सुतार, रसायनखोलीतील कारागीर, फिती जोडणारी पोरे, दिवे धरणारे हमाल. त्यांच्यापैकी जे हयात असतील त्यांच्या घरी आज सायंकाळी कोणी गेले, तर उद्या सकाळी जाण्यापेक्षा ते बरे. मी हे तळमळीने सांगते, कारण माझ्या विभागप्रमुख बाईंची मुलाखत घ्यावयाची असे मी ठरवले होते, प्रश्नही लिहून ठेवले होते, आणि त्या ज्या शनिवारी माझी वाट पाहणार होत्या त्याच्या आदल्या बुधवारी निवर्तल्या. तीन पट्ट्यांचा सांधा नेमका कसा धरीत, डाव्या हाताची तर्जनी कोठे ठेवीत, हे मी त्यांना शेवटचे विचारणार होते.

मी २००४ साली निवृत्त झाले. तोवर निगेटिव्ह यंत्रात वाचून संगणकावर चढवण्यास प्रारंभ झाला होता आणि कापण्याचे कारण उरत नव्हते. निवृत्तीनंतर एकदा वॉल्टनला जाऊन आले. हेपवर्थ यांचा कारखाना नाही. त्याच्या वीजघराची इमारत मात्र उभी आहे आणि तिच्यात गावचे हौशी लोक नाटके करतात. मी गेले तेव्हा आत तालीम चालू होती. दारातील तरुण मुलाला मी दादासाहेबांचे नाव सांगितले. त्याने ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतले आणि एका कागदावर लिहून ठेवले.

चालकांना मी विनंती केली होती, आणि ती त्यांनी मान्य केली आहे. माझ्या सदतीस वर्षांच्या कामाच्या खासगी टिपणवह्या, एकूण बावीस, मी या व्यासपीठावर आणल्या आहेत, आणि त्या येथील वाचनालयाच्या दप्तरी दाखल करीत आहे. त्यांत चित्रपटांची नावे थोडी आणि अंक फार आहेत. उघडून पाहणाऱ्याला त्या कंटाळवाण्या वाटतील. आठव्या वहीत, लाल शाईने चौकट केलेली, सहाच्या जागी आठ वाचल्याची नोंद आहे. तिच्याखाली संकलकाने शोधून आणलेल्या पेल्याच्या तुकड्याचा क्रमांक लिहिला आहे, आणि त्यापुढे माझ्या विभागप्रमुख बाईंची आद्याक्षरे आहेत. तो क्रमांक त्यांनी दोनदा वाचला होता.